कंटाळलेल्या दिवसासाठी जिम

जिमची फी आपण नेहमी आपल्या चांगल्या दिवशी भरतो. झोप नीट झालेली असते, निश्चय ताजा असतो, आठवड्यातले पाच दिवस सहज मोकळे दिसत असतात. पण त्या फीचा उपयोग करून घ्यायचा असतो एका वेगळ्याच माणसाला. तो रात्री उशिरा झोपलेला असतो, त्याची पाठ अवघडलेली असते, घरात कुणाला तरी ताप असतो, आणि बाहेरचा पाऊस बघून तो पुन्हा पांघरुणात शिरू पाहत असतो. जिम निवडायची ती या दुसऱ्या माणसासाठी, असं माझं आता ठाम मत झालं आहे. लहान गावात तर हे जास्तच खरं आहे, कारण तिथे निवड फसली तर पुढच्या चौकात दुसरी जिम उघडी नसते.

स्वतःच्या उत्साहाचा अंदाज माणसं किती चुकवतात, याचा एक सुंदर अभ्यास २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला होता. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबमधल्या ७,७५२ सदस्यांच्या हजेरीच्या नोंदी तपासल्या. दरमहा ठरावीक फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. तिथेच दहा भेटींचा पासही मिळत होता, आणि तो घेतला असता तर एकेक भेट त्यांना बरीच स्वस्त पडली असती. येणं थांबल्यावरसुद्धा सदस्यत्व रद्द करायला लोक सरासरी दोन महिन्यांहून जास्त वेळ लावत होते. ही माणसं हिशेबात कच्ची नव्हती. पुढच्या महिन्यात आपण आजच्यापेक्षा नियमित होऊ, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. मला तो विश्वास फार आपलासा वाटतो. म्हणूनच फी भरताना तो बाजूला ठेवावा असं सांगावंसं वाटतं.

मोठ्या शहरातून मी लहान गावात राहायला आले, तेव्हा जिम फक्त माझ्यासाठी शोधत नव्हते. आईच्या हाडांची घनता कमी झाल्याचं तपासणीत दिसलं होतं. चालणं ती रोज करतच होती. तिला स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा होता, आणि तो शिकवणारं कुणीतरी. गावात पर्याय मोजके होते. बाजारपेठेतली एक जुनी जिम, नव्या वस्तीतली एक चकचकीत, आणि एक छोटा स्टुडिओ, जिथे ठरलेल्या वेळी गटात व्यायाम घेतात. सगळीकडे गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी आपण ज्या वेळी येणार त्याच वेळी गेलो.

या वेळेच्या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे. जिम दाखवणारा माणूस आपल्याला बहुधा दुपारी बोलावतो. तेव्हा सगळं रिकामं असतं, मशीन पुसलेली असतात, पंखे आपल्यासाठी चालू केलेले असतात. तीच जागा संध्याकाळी साडेसहाला बघा. लहान जिममध्ये स्क्वॉटसाठी, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन उठबस करण्यासाठी, बार टेकवायचा रॅक एकच असतो, आणि पाचसहा मित्रांचा एखादा गट त्याच्याभोवती तासभर असतो. ती मुलं वाईट नसतात, विचारलं तर बाजूलाही होतात. पण दमून आलेली, पहिल्यांदाच लोखंडी बारला हात लावणारी बाई त्यांना रोज विचारत बसेल का? आठवडाभर विचारेल, मग कोपऱ्यातल्या सायकलवर जाऊन बसेल, आणि पुढच्या महिन्यात येणं बंद होईल. तिने नाद सोडला असं सगळे म्हणतील. जागेने तिला बाहेर ढकललं, हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

अंतराचंही तसंच. लहान गावात सगळंच जवळ असतं, असं बाहेरून वाटतं. पण नकाशावरचे किलोमीटर इथे फारसे उपयोगाचे नाहीत. कपडे बदलून निघण्यापासून परत येऊन अंघोळ उरकेपर्यंत किती वेळ जातो, तो हिशेब करायचा. कामावरून घरी येताना वाटेत लागणारी साधी जिम ही घरी पोचल्यावर पुन्हा बाहेर पडायला लावणाऱ्या भारी जिमपेक्षा चांगली, असं मी म्हणेन. एकदा घरात पाय टाकला की दुसऱ्यांदा निघण्याची ताकद प्रत्येकात नसते, आणि ती असायलाच हवी अशी अपेक्षाही ठेवू नये.

उपकरणांकडे बघताना नजर मोठ्या गोष्टींवर जाते. मी म्हणते, लहान गोष्टी बघाव्यात. डंबेलच्या रांगेत पाच किलोनंतर थेट साडेसात किलो असेल, तर खांद्याच्या व्यायामाला ती एका दमात पन्नास टक्क्यांची वाढ होते. पन्नासवरून साडेबावन्नवर जाणाऱ्याला तेवढेच अडीच किलो जेमतेम जाणवतात. म्हणजे ज्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्या वाट्याला सर्वांत उंच पायरी येते. बारचंही असंच आहे. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा आणि बायकांचा १५ किलोचा असतो. बायकांच्या बारची जाडीही थोडी कमी असते, त्यामुळे लहान पंज्यात तो नीट बसतो. बऱ्याच जिममध्ये फक्त २० किलोचाच बार असतो. बऱ्याच नवशिक्यांना तो रिकामा बारसुद्धा डोक्यावर उचलता येत नाही. तिथे हलका बार आहे का, बारला अडकवायच्या अर्ध्या किंवा एक किलोच्या प्लेट आहेत का, हे विचारावं. आम्ही हे विचारलं तेव्हा एका ठिकाणी उत्तर मिळालं की एवढं हलकं कुणी मागतच नाही. मागणारे आले असतील आणि न मागता परत गेले असतील, ही शक्यता त्यांच्या मनात आली नव्हती.

वजन थोडंथोडं वाढवत नेण्याची ही पद्धत फक्त बलदंड लोकांसाठी नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर शिकागोतल्या रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करत होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचे स्नायू गेलेल्या सैनिकांकडून त्यांनी वजनं उचलून घेतली, जमेल तसा भार वाढवत नेला, आणि १९४५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. दहा दहा वेळा उचलण्याचे जे सेट आज जगभरच्या जिममध्ये घेतात, त्यांच्यामागे त्यांचं काम आहे. त्यांनी ती आजारातून उठणाऱ्या माणसांसाठी केली होती. जिमच्या भिंतीवरची चित्रं बघून हे कुणाला वाटणार नाही, आणि त्यामुळे कितीतरी लोक दारातूनच परत फिरतात.

दुरुस्तीचा प्रश्न लहान गावात मोठ्ठा असतो. मशीनचा मेकॅनिक दुसऱ्या शहरातून येतो आणि एका पट्ट्यासाठी एवढ्या लांब यायला तो लवकर तयार होत नाही. म्हणून केबलचं आवरण कुठे फाटलं आहे का, ट्रेडमिल थांबवणारी सुरक्षा-क्लिप जागेवर आहे का, ‘बंद आहे’ लिहिलेला कागद पिवळा पडला आहे का, हे बघून घ्यावं. जुनं यंत्र वाईट नसतं. तेलपाणी केलेलं जुनं यंत्र मला नव्या, कुणी न सांभाळलेल्या यंत्रापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

पण शेवटी सगळं येऊन थांबतं ते त्या जागेत उभ्या असलेल्या माणसावर.

चकचकीत जिममधल्या ट्रेनरने आईकडे बघून प्रेमानेच सांगितलं, “काकू, या वयात वजनं कशाला? ट्रेडमिलवर चाला, सायकल मारा, बस.” त्याचा हेतू चांगला होता, काकूंना काही होऊ नये एवढंच त्याला वाटत होतं. पण नेमकं तेच नको होतं. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त लोकांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला होता. जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! तर ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा २०१८ साली छापून आलेला अभ्यास आईच्या स्थितीशी अगदी जुळणारा आहे. पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं), स्क्वॉट असे जड व्यायाम देखरेखीखाली केले. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या उरलेल्या जणींची मात्र १.२ टक्क्यांनी घटली.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी मी घट्ट धरून ठेवल्या आहेत. पहिली म्हणजे ‘देखरेखीखाली’. त्या स्त्रियांनी कुणाचं तरी बघून भार उचलला नव्हता. शिकवणारं माणूस शेजारी होतं, आधी हलक्या वजनावर पद्धत पक्की करून घेतली होती. दुसरी म्हणजे आठवड्यातून फक्त दोनदा, अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारसही प्रौढांना स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोनच दिवस सांगते. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम तीन दिवस करावेत असं त्यात जोडलेलं आहे. म्हणजे कंटाळलेल्या माणसाला पेलेल एवढंच हे मागणं आहे. पाच दिवसांचं पॅकेज ज्याला जमत नाही, त्याने स्वतःला नालायक समजण्याचं काही कारण नाही. दोन दिवस नक्की येता येईल अशी जागा शोधावी.

बाजारपेठेतल्या जुन्या जिममध्ये ट्रेनरने फॉर्म पुढे सरकवण्याआधी आईला एक खुर्ची दिली. “काकू, हात न टेकता उठता येतं का?” आई उठली. “आता पुन्हा. मी थांबा म्हणेपर्यंत.” अर्ध्या मिनिटात ती किती वेळा उठली हे त्याने वहीत लिहिलं. मग रक्तदाब, गुडघे, जुनी दुखणी, चालू असलेली औषधं विचारली, आणि म्हणाला, “डॉक्टरांना एकदा विचारून या. काय करायचं नाही ते त्यांच्याकडून लिहून आणा, काय करायचं ते मी बघतो.” आईने घरी येऊन सांगितलं, “तो मुलगा ऐकून घेतो गं.” माझ्या मते ट्रेनर ओळखण्याची सगळी कसोटी त्या एका वाक्यात आली. पहिल्याच दिवशी डब्यातली पावडर विकायला काढणारा आणि पहिल्याच दिवशी इतकं दमवणारा, की तीन दिवस जिना उतरता येऊ नये, या दोघांपासून मी आईला लांबच ठेवलं असतं.

जुन्या जिममधल्या त्या ट्रेनरला मी आणखी एक गोष्ट विचारली, जी विचारताना लोक संकोचतात. इथे कुणी छाती धरून खाली कोसळलं तर काय कराल? हृदय अचानक थांबलं तर छातीवर दाब देणं आणि डिफिब्रिलेटरचा, म्हणजे हृदय पुन्हा ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राचा, विजेचा झटका मिळेपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. मोठं रुग्णालय लांब असेल तर ही मिनिटं कुठून आणणार? मिनिटाला १०० ते १२० या वेगाने छाती दाबत राहणं कुणालाही शिकता येतं. त्याने ते शिकलेलं होतं. यंत्र मात्र तिथे नव्हतं. आमच्यासारखे आणखी चार लोक विचारतील तर मालक त्याचा विचार करेल, असं तो म्हणाला. विचारायला हवंच.

आता एक अडचण, जी लहान गावात ठरलेलीच. चांगला ट्रेनर फार दिवस राहत नाही. शहरात त्याला जास्त पगार मिळतो, आणि त्याने जावंही. त्याच्या प्रगतीच्या आड आपण का यावं? म्हणून तो असेपर्यंत त्याच्याकडून व्यायाम नावानिशी शिकून घ्यायचे आणि वहीत उतरवायचे. कोणता व्यायाम, किती वजन, किती वेळा, कुठे दुखलं. आईची वही आता माझ्या वहीपेक्षा नीट आहे. उद्या नवा ट्रेनर आला तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

पैशाचा व्यवहार लहान गावात अवघड होतो तो ओळखीमुळे. मालक कुणाचा तरी मेहुणा असतो, कुणाचा वर्गमित्र असतो. त्याला ‘लिहून द्या’ म्हणायला जीभ उचलत नाही. मग आजारपणात सदस्यत्व पुढे ढकलता येईल का, गाव सोडावं लागलं तर उरलेले पैसे मिळतील का, ते दुसऱ्याच्या नावावर करता येतील का, हे सगळं तोंडी राहतं, आणि वेळ आली की दोघांच्या आठवणी वेगवेगळ्या निघतात. त्यातून पैशापेक्षा नातं जास्त बिघडतं, कारण जिम सोडली तरी तो माणूस भाजी घेताना, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत भेटतच राहतो. ज्याच्याशी ओळख टिकवायची आहे त्याच्याशी कागद आधी करावा, असं मला वाटतं. एक साधी पावती, मागे चार ओळी आणि तारीख, एवढं पुरतं.

वर्षाचं पॅकेज स्वस्त पडतं हे खरं. पण वर्षाचे पैसे आगाऊ देणं म्हणजे त्या धंद्याला दिलेलं कर्ज असतं, आणि लहान जिम बंद पडायला एक मंदीचा हंगाम किंवा एक जागामालक पुरतो. दुसरीकडे हेही मला दिसतं, की सदस्य कमी असलेल्या महिन्यांतही जिमच्या मालकाचं भाडं आणि ट्रेनरचा पगार थांबत नाही. सगळ्यांनीच रोजच्या रोज पैसे दिले तर ती जागा उभी राहणार नाही, आणि ती उभी राहावी ही माझी गरज आहे. म्हणून आधी थोड्या भेटींचे सुटे पैसे दिले, कंटाळ्याच्या दिवशी आपण खरंच जातो का ते पाहिलं, आणि मग तीन महिन्यांची फी भरली. ती मात्र वेळेवर भरते.

स्टुडिओबद्दल थोडक्यात. गटाबरोबर व्यायाम ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी तो फार चांगला, कारण ठरलेली वेळ आणि वाट बघणारी माणसं असतात. पण संख्या घटली की वर्ग रद्द होतो, आणि गटाच्या वेगात प्रत्येकाच्या गुडघ्याकडे बघायला शिकवणाऱ्याला सवड मिळत नाही. आईसाठी तो नको होता.

ओळखीच्या गर्दीत व्यायाम करणं बायकांना किती जड जातं, हे पुरुषांना लवकर कळत नाही. शेजारच्या मशीनवर मुलाचे शिक्षक, समोर बँकेतले साहेब, दारात नवऱ्याचा मित्र. बायकांसाठी वेगळी वेळ अनेक ठिकाणी असते, पण ती बहुतेक दुपारची, म्हणजे नोकरी करणारीला निरुपयोगी. ही वेळ ठरवताना बायकांना विचारलं होतं का, एवढं तरी आपण विचारू शकतो. आणि तरीही याच ओळखीची दुसरी बाजू मला इथेच कळली. शहरातल्या जिममध्ये मी महिनाभर गेले नसते तरी कुणाला पत्ता लागला नसता. इथे आई एक दिवस चुकली की दुसऱ्या दिवशी रस्त्यात कुणीतरी थांबवून विचारतं, “बरं आहे ना?” सुरुवातीला सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासातल्या क्लबांच्या नोंदींमध्ये हजेरीचे आकडे होते, असं विचारणारं कुणी तिथे होतं का, ते मला वाचायला आवडलं असतं.

ज्यांच्या आसपास पटण्याजोगी जिमच नाही, त्यांनी वाईट जागेत पैसे घालवू नयेत. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, रबरी पट्टे, पाठीवरच्या पिशवीत वाढवत नेलेलं वजन यांतूनही बराच काळ ताकद वाढते. आणि मध्येच व्यायाम कमी झाला तर घाबरू नये. एकदा कमावलेली ताकद कमी व्यायामातही टिकते. २०११ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात चार महिने व्यायाम केलेल्या तरुण आणि वयस्क लोकांनी पुढचे आठ महिने व्यायाम एक तृतीयांशावर आणला, तरी त्यांची ताकद राहिली. वयस्कांच्या स्नायूंचा आकार मात्र तेवढ्यावर टिकला नाही, म्हणून त्यांनी थोडं जास्त जपावं.

आम्ही जुनीच जिम घेतली. भिंतीचा रंग उडालेला आहे आणि कपडे बदलायची खोली अरुंद आहे. हलका बार मिळाला. मालकाने तो मागे अडगळीत ठेवला होता, तो त्याने पुसून बाहेर आणला. अर्ध्या किलोच्या प्लेट अजून नाहीत. पुढच्या वेळी माल मागवताना त्या घेईन असं मालक म्हणाला आहे. तोवर आईने मनगटाला बांधायच्या वजनाच्या पट्ट्या आणल्या आहेत, आणि मागच्या आठवड्यात एका नव्या आलेल्या मुलीने त्या तिच्याकडून मागून घेतल्या.